तेरा साती

अत्तारबाईंनी फळ्यावर लिहिलं:
जिला एक आणि ती स्वतः याखेरीज
दुसरा विभाजक नसतो, ती मूळ संख्या.
बाकीच्या संयुक्त.
मी वहीत उतरवून घेतलं, समास सोडून, शुद्ध,
आणि काही म्हणजे काही कळलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटली
की कावळा नाक्यावरून चालत मार्केट यार्ड,
हातात आप्पांची भाकरी.
केरबा तोलाईदार म्हटलं की कुणीही बोट दाखवायचं
त्या ओल्या, गोड, माश्यांनी भरलेल्या वासाच्या आत.
सौद्याआधी गुळाचे रवे मांडायचे असत.
व्यापाऱ्याला उभ्या उभ्या मोजता यावेत
म्हणून चौकोन,
सगळ्या ओळी सारख्या.

बारा आले तर बाराचे लाडच लाड:
चाराच्या तीन ओळी करा, सहाच्या दोन करा,
जागा असेल तसे बसतात बिचारे.
तेरा आले की आप्पा टोपी मागं सरकवायचे.
"ह्ये काय बसत न्हाईत गं.
दोनानं मांडलं तर एक उरतोय,
तिनानं एक, चारानंबी एकच."
मग तेरांची एकच लांब ओळ,
भिंतीपासून थेट हिंदुरावांच्या गाडीच्या चाकापर्यंत.
एक ओळ. तेरा रवे.
एक, आणि ती स्वतः.
भाकरीचं फडकं माझ्या हातातच राहिलं.

"आणि एकच रवा आला तर, आप्पा?"
"त्याची ना ओळ, ना चौकोन.
ठेवायचा आणि गप बसायचं.
समद्यास्नी कुठल्यातरी जातीत बसवायलाच पायजे व्हय?"

दिवाळीच्या तोंडावर भुदरगडाकडून
एक्क्याण्णव आले.
आकडाच दिसायला आडमुठा.
आप्पा न मोजता म्हणाले, लांब ओळ.
हमालांनी निम्मी धरलीसुद्धा.
मी पोत्यावर बसून बोटं मोडत होते:
दोन, नाही.
तीन? नऊ आणि एक दहा, नाही.
पाच, नाही.
सात.
रोज दिवेलागणीला घोकलेल्या पाढ्यांतून
कुणीतरी आतून हाक मारल्यासारखं
तेरा साती—
"आप्पा, थांबा! मी सांगतो!"
(आमच्यात पोरीही सांगतोच म्हणतात.)

हमालांनी मला शिव्या घातल्या, हळू आवाजात,
आणि मग सगळं पुन्हा उचललं.
सात ओळी, तेरा-तेरा रव्यांच्या.
कोपरा कुठं म्हणून तुटका नाही.
आप्पा काही बोलले नाहीत.
फक्त रव्याच्या कडेचा चुरा
माझ्या तळहातावर ठेवला.

सोमवारी बाईंनी सातवर आणि तेरावर
खडूनं गोल काढले.
"इथून खाली तुटत नाही. ही मुळं."
मी आप्पांना सांगितलं.
ते म्हणाले, "मग बराबर हाय.
ऊस तोडला तरी बुडखा ऱ्हातोयच की,
त्यातनंच खोडवा येतो."
मला वाटतं बाईंना ते आवडलं असतं.
पण मी वर्गात बोलले नाही.

पुढच्या सौद्याला सत्त्याण्णव.
आता सगळे माझ्याकडं बघायला लागले,
हमालसुद्धा, तंबाखू मळायची थांबवून.
दोन. तीन. पाच.
सात चोक अठ्ठावीस... सात तेरा एक्क्याण्णव, वर सहा उरतात.
दहाच्या पुढं बघायलाच नको, दहा दाहे शंभर,
तेवढं मला आलं होतं.
कान तापले.
"न्हाई बसत, आप्पा."
"नक्की?"
"नक्की."
त्यांनी पुन्हा विचारलं नाही.
"धरा रं लांब ओळ."

ओळ दारातून बाहेर गेली,
उन्हात, रिक्षांच्या मधून,
चहाच्या गाड्याला वळसा न घालता.
चौकोन एका नजरेत मोजणारा व्यापारी
धोतराचा सोगा धरून
एकेका रव्यापाशी थांबत, बोट लावत,
त्या टोकापर्यंत चालत आला.
तिथं मी उभी होते.